खिंडकरणीची जागा

डॉक्टरीणबाईंनी महिपतला तीन वस्तू सांगितल्या. सफरचंद, छत्री आणि किल्ली. म्हणाल्या, "आजोबा, एवढ्या तीन लक्षात ठेवा. मधे आपण दुसरं काहीतरी बोलू, मग मी परत विचारीन."

महिपतने मान हलवली आणि डोळे मिटले. शेजारच्या खुर्चीत त्याची सून दीपाली मांडीवर पर्स धरून बसली होती. तिला वाटलं, बाबा इथेच झोपतात की काय. पतसंस्थेतून अर्धी रजा टाकून तिने सासऱ्याला रत्नागिरीत आणलं होतं, आणि सकाळपासून तो एसटीत, बाहेरच्या बाकावर, जिथे टेकेल तिथे पेंगत होता.

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"महिना?"

"माघ सरत आला."

बाईंनी इंग्रजी महिना विचारला, तोही त्याने बरोबर सांगितला. शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं, तेव्हा थोडा उतरून तो थांबला आणि म्हणाला, "आता पुरे, बाय." बाई हसल्या. मग त्यांनी कागदावर घड्याळ काढायला दिलं. ते मात्र त्याने मन लावून काढलं. चाळिशी उलटल्यावर तो प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकला होता. हातात पेन आलं की अजूनही जरा ताठ बसायचा.

"छान काढलंत. आता त्या तीन वस्तू सांगा."

महिपतने पुन्हा डोळे मिटले. "छत्री," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "किल्ली." मग बराच वेळ काहीच नाही. वर पंखा फिरत राहिला.

"एक फळ होतं," बाई म्हणाल्या.

"फळ होतं ते ठाऊक हाय. वडावर ठेवलंय मी ते."

"कुठल्या वडावर?"

"आमच्या शिवेवरच्या. फळ पहिलं, म्हणून वडाच्या फांदीला लावलं. छत्री पुढं विहिरीच्या काठाला टेकवली, ती मिळाली. किल्ली सतीच्या दगडावर ठेवली, ती पण मिळाली. पण वड आता नाय ना. चौपदरी रस्त्यात गेला. मी तिथवर जातो नि बघतो तर..." त्याने तळहात पसरून दाखवला. "मोकळंच."

बाईंनी दीपालीकडे पाहिलं. दीपालीने पर्सकडे पाहिलं.

"पद्धत चांगली आहे तुमची," बाई सावकाश म्हणाल्या. "ओळखीच्या वाटेने मनात चालत जायचं आणि जागोजागी वस्तू ठेवायच्या, असं पुष्कळ जण करतात. पण वाट बदलली असेल तर जागा बदला. आता घरातल्या घ्या. कपाट, फ्रीज, देव्हारा." मग त्यांनी एक गोळी लिहून दिली, झोप पुरेशी घ्यायला सांगितली, आणि या वयात थोडंफार व्हायचंच असं म्हणून पावसाळ्याआधी पुन्हा एकदा यायला सांगितलं.

स्टँडवर हातखंब्याची गाडी लागायची होती. दीपालीने सासऱ्याला उसाचा रस पाजला. रस पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, गेल्या शिमग्याचं त्यांना सांगायला हवं होतं."

"काय सांगणार? देवाचं नाव विसरलो, गोळी द्या?"

"तसं नाही हो. पण त्यासाठीच तर आलो होतो."

"सांगितलं मी. वड नाय म्हणून सांगितलं," महिपत म्हणाला, आणि गाडीत बसल्या बसल्या त्याने खिडकीच्या गजाला डोकं टेकलं.

हातखंब्यापासून थोड्या अंतरावर महामार्गालगत कोंडसुरे म्हणून गाव आहे, तिथला हा महिपत. गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर येऊन बसली, की सगळ्या गावातर्फे एकाने देवाशी बोलायचं असतं. आधी शिवेवरच्या जागेवाल्या देवांना एकेक करून हाक मारायची. वडाचा, विहिरीवरचा, सतीचा दगड, पऱ्याकाठचा, खिंडीतली, कातळावरचा, असं गावाची शीव धरून पुरतं फिरून यायचं, आणि मग गावातल्या लोकांची दुखणीखुपणी, नडीअडी सांगून राखण मागायची. प्रत्येक नावावर ढोलावर एक थाप पडते आणि लोक म्हणतात, "व्हय म्हाराजा!" नाव गाळायचं नाही, मागचं पुढे करायचं नाही. एकदा पालखी उचलली की राहिलेलं नाव पुढच्या शिमग्यालाच.

महिपतला हे सगळं बापाने शिकवलं. शिकवलं म्हणजे पाठ करून घेतलं असं नाही. बापाला स्वतःला गाऱ्हाणं बसून म्हणता येत नसे. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, "चला माझ्याबरोबर, चालता चालता सांगतो." पोरगा जरा कळता झाल्यावर एके दिवशी त्याने त्याला शिवेवरून फिरवून आणलं. वडाखाली त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि तो विरघळेपर्यंत वडाच्या देवाचं नाव घ्यायला लावलं. विहिरीवर भरलेली कळशी डोक्यावर ओतली. सतीच्या दगडाशी कारण नसताना चिमटा काढला. पऱ्यात, त्या ओढ्याच्या कंबरभर पाण्यात, उभं केलं. कातळावर भर उन्हात वहाणा काढायला लावल्या, आणि पोर नाचायला लागलं तशी म्हणाला, "नाव घे, मग वहाणा घाल." घरी आल्यावर आई नवऱ्यावर ओरडली, पोराला मारायला नेलं होतं की काय म्हणून. बाप म्हणाला, "मारलं नाय, ठेवून आलो."

खिंडीत मात्र बापाने काहीच केलं नव्हतं. दोन बाजूंना उंच दरडी, मधून बैलगाडीपुरती वाट, आणि दरडीच्या कोनाड्यात शेंदूर माखलेली खिंडकरीण. बाप म्हणाला, "हिला तुझं नाव सांग." पोराने हाक घातली, "महिपत!" आणि समोरच्या दरडीतून कोणीतरी म्हणालं, "...पत!" पोर बापाच्या कमरेला चिकटलं. बाप हसला. "तिनं तुला वळखलंन. आता तू तिला विसरायचं नाय."

विसरला नाही. पुढे बाप गेला, महिपत पालखीपुढे उभा राहायला लागला, आणि वर्षानुवर्षं त्याला कधी आठवायला लागलं नाही. तो डोळे मिटायचा आणि चालायला लागायचा. तोंडात गूळ यायचा, डोक्यावर पाणी पडायचं, दंडाला चिमटा बसायचा, खिंडीतून हाक परत यायची. लोक म्हणत, काय डोकं आहे! महिपतला ते कधी खरं वाटलं नाही. त्याला वाटायचं, यात डोक्याचं काय, पायांचं काम आहे.

मग रस्ता रुंद झाला. वड एका दिवसात पडला. त्याच्या बुंध्याचे तुकडे न्यायला दोन ट्रक लागले. पऱ्या रस्त्याखालच्या मोरीत घातला गेला. विहीर तेवढी रस्त्याच्या पलीकडे राहिली, नि सतीचा दगडही तिच्याजवळ राहिला. खिंड तर अशी कापली की ती खिंडच राहिली नाही. लांबवर सरकवलेल्या दोन लाल भिंती आणि मधे चार गाड्या शेजारी शेजारी जातील एवढा सपाट डांबरी पट्टा. देवांची आबाळ मात्र कोणी केली नाही. ज्यांच्या जागा गेल्या ते सगळे दगड कंत्राटदाराच्या माणसांनी नीट उचलून आणले, गावाच्या फाट्यावर पत्र्याची शेड घातली, खाली फरशी बसवली आणि एका ओळीत मांडले. गावातल्या मंडळाने वर्गणी काढून सगळ्यांना पिवळा ऑइलपेंट दिला. दिसायला बरं दिसत होतं.

गेल्या शिमग्यात महिपत उभा राहिला आणि डोळे मिटून चालायला लागला. वडाशी जरा अडखळला, पण विहिरीने हात दिला. पऱ्याही कसाबसा पार झाला. आणि तिथून तो थेट कातळावर पोचला. मधे काही राहिलं असं त्याला वाटलंसुद्धा नाही. कातळाचं नाव घेताना त्याला एवढंच जाणवलं की ढोलाची थाप जरा उशिरा पडली.

ढोल धाकू वाजवायचा. महिपतच्या बरोबरीचा, खालच्या वाडीतला. महिपत ज्या वर्षी पहिल्यांदा उभा राहिला त्याच वर्षी धाकूने बापाचा ढोल गळ्यात घातला होता. त्याला नावं पाठ नव्हती, पण हाताला होती. त्या दिवशी खिंडकरणीसाठी धाकूचा हात वर गेला आणि तसाच वर राहिला. नाव आलंच नाही. लोकांना उमगेपर्यंत गाऱ्हाणं संपून पालखी खांद्यावर चढली होती.

आणि पुढे ऐन आषाढात धाकूचा मुलगा आत्माराम मोटरसायकलवरून येताना त्या कापलेल्या खिंडीतच घसरला. जिवावरचं पायावर निभावलं. मांडीत सळई घातली, पाय आखूड झाला. मुंबईची नोकरी गेली.

धाकू एका शब्दाने काही बोलला नाही. त्यामुळेच जड झालं. पूर्वी संध्याकाळचा तो महिपतच्या ओटीवर सुपारी कातरायला यायचा, तो यायचा बंद झाला. बोलली ती त्याची बायको गोदूबाई. गिरणीवर दळण ठेवता ठेवता चारचौघींत म्हणाली, "जिची हाक मारायची तिची मारलीन नाय, मग ती तरी कुणाला राखणार?" गिरणीचा पट्टा फडफडत होता, तरी ते दीपालीला नेमकं ऐकू आलं.

आता पुन्हा शिमगा तोंडावर आला होता.

दवाखान्यातून आल्यावर महिपतने डॉक्टरीणबाईंचं ऐकून पाहिलं. पडल्या पडल्या त्याने खिंडकरणीला फ्रीजवर बसवलं. फ्रीज घरात येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्याच्यावर आधीच दीपालीची औषधं, मिक्सरचं भांडं आणि बंद पडलेला रिमोट होता. त्यात ती कुठे नाहीशी व्हायची कळायचं नाही. मग त्याने कागदावर नावं लिहून काढली. स्वच्छ, सुटी सुटी, रेघेवर. चष्मा लावून वाचायला गेला, तर नावं त्याला शेडीतल्या दगडांसारखी दिसली. एका ओळीत, एका रंगाची, आणि सगळी तितकीच परकी. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि सदरा धुवायला टाकला तेव्हा काढला नाही.

मुंबईहून मुलाचा, सुहासचा फोन आला. "बाबा, त्रास कशाला घेता? रस्त्याआधीच्या शिमग्याचं माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. चांगलं खणखणीत आलंय. स्पीकरला लावू. मंडळाची पोरं तयार आहेत."

"लावा," महिपत म्हणाला.

सुहासला वाटलं होतं की बाबा चिडतील. "नक्की ना?"

"लावा रे. मला आता उभं राहवत नाय."

हे त्याने रागाने म्हटलं नव्हतं. खरोखरच त्याला थकल्यासारखं झालं होतं. सगळा गाव डोक्यात घेऊन फिरायचं, आणि गाव तर रोज इकडचा तिकडे होतोय. आज इथे पेट्रोलपंप, उद्या तिथे धाबा. माणसाने किती सांभाळायचं? फोन ठेवल्यावर त्याला हलकंही वाटलं. फक्त हे धाकूला आपण होऊन सांगायला हवं होतं. दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर तो खालच्या वाडीत गेला. धाकू अंगणात ढोल उपडा घालून त्याच्या दोऱ्या आवळत होता. पडवीत आत्माराम खुर्चीवर पाय लांब करून बसला होता. काठी भिंतीला उभी. महिपतला पाहून गोदूबाई आत गेली, ती पाणी घेऊन आली. तांब्या जरा आपटून ठेवला, पण ठेवला.

"बस," धाकू मान वर न करता म्हणाला.

महिपत पायरीवर बसला. "यंदा मी उभा राहत नाय. सुहास टेप लावणार हाय."

धाकूने दोरी दातात धरून ओढली. "टेपीला ढोल कोण वाजवणार?"

"त्यात तुझा पण असेल की वाजलेला."

"म्हंजे मी पण नको." धाकूने दोरी सोडली. "बरं झालं. दोघं घरात बसून चा पिऊ."

"तसं नाय रे..."

"मग कसं?" आता धाकूने वर पाहिलं. "त्या टेपीत ती खिंडीत उभी हाय, महिपत. जुन्या खिंडीत. आता हाय का तिथं खिंड? तू कोणाला हाक मारणार? जी जागाच नाय तिथल्या बाईला?"

महिपतने तांब्या उचलून पाण्याचा घोट घेतला. हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मला ती मिळत नाय, धाकू," तो शेवटी म्हणाला. "आता तू इचारलंस तर नाव सांगतो, खिंडकरीण. पण डोळे मिटून चालायला लागलो की ती येतच नाय. पऱ्या येतो नि एकदम कातळ. मधे नुसतं डांबर. डागतरीण म्हणते वय झालं. असेल. माझं मलाच कळत नाय, माझं डोकं गेलंय का वाट गेलेय ते."

"तुला मिळत नाय," धाकू म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता. पडवीतल्या पोराला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "आणि मला सुटत नाय. पोराचं सांगणारा फोन कुठं आला, गाडी कशी पडली व्हती, वहाण कुठं उडाली, सगळं समोर उभं राहतंय. जेवायला बसलो तरी. तुझं थोडं मला दे नि माझं थोडं तू घे, असं झालं असतं तर बरं व्हतं मेल्या."

आत्माराम पडवीतून म्हणाला, "बाबा, मोठ्यांदा बोला. मला काय ऐकू येत नाय असं नाय." आणि तिघांनाही कसनुसं हसू आलं.

"उद्या सकाळी ये," धाकू म्हणाला. "उन्हाआधी. शीव फिरून येऊ. तुझा बापूस फिरवायचा तसं."

"माझे गुडघे..."

"माझे काय नवे हायत?"

सकाळी दोघे म्हातारे फाट्यावर भेटले. वडाच्या जागी आता मोठा हिरवा फलक होता, पांढऱ्या बाणाचा. दोघे त्याच्या खांबाशी उभे राहिले.

"हितं बापसानं काय दिलं व्हतंन?"

"गूळ."

"गूळ नाय माझ्याकडं." धाकूने कनवटीची डबी काढली आणि तंबाखूची चिमूट महिपतच्या ओठात सारली. महिपतने तंबाखू सोडून जमाना झाला होता. त्याला गरगरलं. खांब धरून तो वाकला आणि थुंकत थुंकत वडाच्या देवाचं नाव घेतलं. "ऱ्हायलं ध्यानात?" धाकूने विचारलं. "मेलो तरी ऱ्हाईल," महिपत म्हणाला.

विहीर आणि सतीचा दगड जागच्या जागी होते. तिथे रस्त्याच्या अलीकडूनच नुसता नमस्कार केला. मोरीशी पत्र्याचा कठडा ओलांडायचा होता. धाकू ओलांडून गेला. महिपतचं धोतर पत्र्यात अडकून टरकन फाटलं. एक ट्रकवाला हॉर्न वाजवत, हसत गेला. फाटकं धोतर मुठीत धरून महिपत उभा राहिला, आणि त्याच्या लाजेसकट पऱ्याकाठच्या देवाचं नाव त्या पत्र्याला कायमचं चिकटलं. पुढे चालताना त्याला वाटलं, बापाची युक्ती अजून चालते आहे. म्हातारं झालं तरी शरीराला लाज वाटते, मळमळतं. तेवढं पुरे होतं.

मग खिंड आली. म्हणजे ती जागा आली.

दोघे कडेच्या पांढऱ्या रेघेबाहेर उभे राहिले. लाल भिंतींवरून माती ओघळून आली होती. गाड्या सूं सूं करत जात होत्या. महिपतने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक घातली, "महिपत!" काही परत आलं नाही. भिंती लांब गेल्या होत्या, आवाज मधल्या मधेच सांडला. त्याने आणखी एकदा हाक मारली. एका मोटारीतल्या बाईने काच खाली करून पाहिलं आणि परत वर केली.

"बघ," महिपत म्हणाला. "नाय बोलत ती."

धाकू त्याच्याकडे पाहत नव्हता. कठड्यावरचा रंग एका ठिकाणी लांबच लांब खरवडला होता आणि तिथे पत्रा आत गेला होता. धाकू त्याच्यावरून बोट फिरवत होता, ढोलाच्या कातड्यावरून फिरवतात तसं.

"हितं?" महिपतने विचारलं.

"हितंच."

महिपत जवळ गेला. त्यानेही तो पत्रा पाहिला. इतके महिने तो या रस्त्याने एसटीतून गेला होता, पण खिडकीपाशी डोळे मिटून. "मी नाव गाळलं म्हणून झालं, असं तुला पण वाटतं काय रे?" असं त्याने विचारलं, आणि धाकूने वळून त्याच्या मुस्काटात दिली.

जुनी माणसं एकमेकांना गमतीने मारतात तशी नव्हती ती. ढोल वाजवणाऱ्या हाताची, पुऱ्या ताकदीची होती. महिपतची टोपी उडून रेघेच्या आत पडली. कानात घुम्म झालं. तो कठड्याला टेकला, आणि घुमणं ओसरेपर्यंत दोघांपैकी कोणी हललं नाही.

धाकू स्वतःच्या हाताकडे पाहत होता. "शिकवायला मारणार व्हतो," तो म्हणाला. "हळू मारायचं म्हणून ठरवलं व्हतं."

महिपतने जिभेने दात चाचपले. "असू दे."

"लागलं?"

"लागलं."

धाकूने दोन्हीकडे पाहून टोपी उचलून आणली, मांडीवर झटकली आणि महिपतच्या डोक्यावर ठेवली. "नाव घे," तो म्हणाला. महिपतने नाव घेतलं. मग दोघे कातळाकडे चालायला लागले. तिथे मात्र नवं काही करायची गरज नव्हती. कातळ तसाच तापत होता.

शिमग्यात पालखी सहाणेवर बसली तेव्हा दुपार कलली होती. सुहास मुंबईहून आला होता. रेकॉर्डिंग फोनमध्ये तयार ठेवून तो स्पीकरच्या वायरपाशी उभा होता. बाबा अडले तर लगेच लावायचं, असं त्याने मंडळाच्या पोरांशी ठरवलं होतं. आत्मारामला खुर्ची देऊन पुढेच बसवलं होतं. गोदूबाई बायकांत, पदर तोंडाशी धरून.

महिपत उभा राहिला. डोकं जड होतं, गुडघे दुखत होते, दोन रात्री झोप नव्हती. त्याने डोळे मिटले.

हिरव्या फलकाशी त्याच्या पोटात ढवळलं आणि वडाच्या देवाचं नाव आलं. थाप पडली. "व्हय म्हाराजा!" विहीर, सती, थाप, थाप. मोरीशी धोतर टरकलं आणि पऱ्याकाठचा आला. "व्हय म्हाराजा!" तिथून पुढे सपाट डांबर सुरू झालं. तो चालत राहिला. काहीच येईना. गाड्या सूं सूं जात होत्या. लोकांत चुळबुळ झाली, सुहासने अंगठा फोनवर नेला. धाकूचा हात वर गेला आणि वरच राहिला.

महिपतचा डावा गाल गरम झाला. आधी गाल, मग कान, मग ते घुमणं. खिंडीत हाक परत यायची तसं, आतल्या आत कोणीतरी बोललं.

"खिंडकरणी माय," महिपत म्हणाला, "तुझी खिंड गेली, पण तू हायस. आमच्या धाकूच्या लेकाला तू पायावर ठेवलंस. पोरंबाळं रातीबेराती त्या रस्त्यानं येतात जातात, त्यांना राख गो माय."

हे शब्द बापाच्या गाऱ्हाण्यात नव्हते. थाप पडायला जरा उशीर झाला, पण पडली ती अशी की सहाणेपुढचा पाचोळा उडाला. "व्हय म्हाराजा!"

कातळावरच्याचं नाव झालं, गाऱ्हाणं पुरं झालं, मग पालखी उचलली गेली, पोरं नाचवत तिला पुढे घेऊन गेली. दोघे म्हातारे सहाणेच्या कट्ट्यावर मागे राहिले. महिपतने पाय लांब करून गुडघे दाबले. त्याला आनंद झाला होता की नाही ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. खूप लांबून चालत येऊन ओझं उतरवल्यावर खांदा काही वेळ बधिर राहतो, तसं वाटत होतं. धाकूने ढोल गळ्यातून काढला, कनवटीची सुपारी काढून कातरली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

"पुढल्या वर्षी काय करणार?" धाकूने विचारलं.

"माझ्याच्यानं आता नाय व्हायचं, धाकू. ह्या वर्षी आलं ते मारलंस म्हणून आलं. दरवर्षी किती मारशील?"

"सुहास?"

"तो एसटीतून नाय, गाडीतून येतो. शिवेवर पाय ठेवलान नाय कधी." महिपतने समोर पाहिलं. आत्माराम काठी टेकत, एक पाय आखूड टाकत खुर्ची परत शाळेत ठेवायला निघाला होता. "त्याला पाठव."

"मान तुमच्या घराचा हाय."

"मान घराचा. पाय कुणाचे चालतील ते देव बघेल. पावसाळा सरला की पाठव. हळूहळू फिरवीन. वडाशी गूळ देईन, तुझी तंबाखू नको. आणि खिंडीत..." महिपतने गालावर हात ठेवला.

"मारशील?"

"नाय," तो म्हणाला. "खिंडीत त्याला काय द्यायची गरज नाय."

सुपारी चघळत दोघे बसून राहिले. लांब वाडीतून ढोलाचा आवाज येत होता. दुसरं कोणीतरी वाजवत होतं, आणि ताल जरा चुकत होता.